शस्त्रक्रियागृहातील हातमोजे: निवड, दोन जोडांचा वापर, बदल आणि सुई टोचल्यानंतरची कृती

शस्त्रक्रिया आटोपून हातमोजे उतरवल्यावर तर्जनीच्या टोकाशी रक्ताचा बारीक डाग दिसतो, पण सुई केव्हा टोचली हे काही केल्या आठवत नाही, हा अनुभव सर्जरीत काही वर्षे काढलेल्या बहुतेकांना आलेला असतो. हातमोज्यांना पडणारी बहुसंख्य छिद्रे शस्त्रक्रिया चालू असताना कोणाच्याच लक्षात येत नाहीत. ती नंतर मोज्यात पाणी भरून तपासल्यावरच सापडतात. म्हणूनच ‘माझा ग्लोव्ह कधी फाटत नाही’ हे अनुभवी सर्जनचे म्हणणे कितीही प्रामाणिक असले तरी पुरावा म्हणून धरता येत नाही. ज्या छिद्राची जाणीवच होत नाही, त्याची आठवण कोठून राहणार?

हा लेख निवासी डॉक्टर, स्क्रब नर्स (टेबलाजवळ उभी राहून साधने हाती देणारी परिचारिका) आणि युनिटची जबाबदारी सांभाळणारे वरिष्ठ सर्जन यांच्यासाठी आहे. त्यात हातमोज्यांच्या निवडीपासून सुई टोचल्यानंतरच्या कृतीपर्यंतचा क्रम दिला आहे. माझे स्पष्ट मत असे की, रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेत दोन जोड हातमोजे घालणे हा नियमच असावा, आणि ते न घालणाऱ्याने त्याचे कारण सांगावे. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. दुसरा जोड मागणाऱ्या कनिष्ठाकडे ‘रुग्ण पॉझिटिव्ह आहे का?’ अशा नजरेने पाहिले जाते.

धोका नेमका कशाचा आणि किती

संसर्गित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता, लस न घेतलेल्या व्यक्तीत, रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार साधारणतः ६ ते ३० टक्के असते. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी सुमारे १.८ टक्के हा आकडा दिला जाई. अलीकडच्या अभ्यासांत तो याहून बराच कमी आढळला आहे. एचआयव्हीसाठी ही शक्यता सुमारे ०.३ टक्के मानली जाते. हे आकडे मुख्यतः पोकळ सुयांच्या जखमांवरून काढलेले आहेत. टाके घालण्याची सुई भरीव असल्यामुळे तिच्यासोबत रक्त कमी जाते आणि हातमोज्याच्या थरातून जाताना त्यातलेही काही पुसले जाते. दोन थर असतील तर ते दोनदा पुसले जाते, आणि दुहेरी हातमोज्यांचा हा लाभ सुई आरपार गेली तरी मिळतोच.

तरीही एका प्रसंगाची टक्केवारी पाहून निश्चिंत होणे चुकीचे आहे, कारण सर्जनला हा प्रसंग आयुष्यात एकदा येऊन थांबत नाही. अमेरिकेतील १७ प्रशिक्षण केंद्रांमधील ६९९ निवासी सर्जनांचे सर्वेक्षण २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ८३ टक्के जणांना प्रशिक्षणकाळात सुई टोचलेली होती, आणि शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेल्यांत हे प्रमाण ९९ टक्के होते. सर्वांत अलीकडच्या जखमेची नोंद केली का, असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक जणांनी ती केली नसल्याचे सांगितले, आणि त्याचे सर्वाधिक दिलेले कारण वेळ नसणे हे होते. माझ्या मते त्या अहवालातील सर्वांत चिंताजनक गोष्ट हीच आहे. टोचण्यापासून वाचवणारी साधने उपलब्ध आहेत, टोचल्यानंतरचे उपचारही आहेत, पण न सांगितलेल्या जखमेपर्यंत ते पोहोचू शकत नाहीत.

धोका एकाच दिशेने जात नाही. मोज्याला छिद्र पडले की सर्जनच्या त्वचेवरील जिवाणूंनाही जखमेपर्यंत वाट मिळते. हात कितीही नीट धुतले तरी त्वचा निर्जंतुक होत नाही, आणि बंद मोज्याच्या उबेत व घामात जिवाणू पुन्हा वाढतात. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे चार हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. ज्या रुग्णांना प्रतिबंधक प्रतिजैविक दिलेले नव्हते, त्यांच्यात हातमोजा फाटल्यास जखमेच्या संसर्गाचे प्रमाण लक्षणीय वाढलेले त्यात आढळले.

येथे थोडा इतिहास सांगणे उपयोगाचे आहे, कारण त्यातून आजच्या मनोवृत्तीवरही प्रकाश पडतो. रबरी हातमोजे शस्त्रक्रियागृहात आले ते रुग्णासाठी नव्हे, तर एका परिचारिकेच्या हातांसाठी. १८८९ ते १८९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने पुरळ उठू लागले, म्हणून विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करून घेतले. ते नेमाने वापरले तर रुग्णाचा संसर्गही कमी होतो, हे त्यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियांवरून १८९९ साली दाखवून दिले. स्वतः हॉलस्टेड अॅसेप्सिसविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेतील निर्जंतुकतेविषयी, अत्यंत काटेकोर होते, तरी प्रत्येक शस्त्रक्रियेत हातमोजे घालण्याची सवय त्यांनाही लगेच लागली नाही. उपयोग समोर दिसत असताना सवय मागे राहते, हे दुहेरी हातमोज्यांच्या बाबतीत आज पुन्हा घडते आहे.

पायरी पहिली: शस्त्रक्रियागृहात येण्याआधीची तयारी

हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रा पूर्ण करणे ही पहिली अट आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी; ती प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक असल्यास संरक्षण मिळाले असे मानतात. लस घेऊनही काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि ही गोष्ट सुई टोचल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. हा अहवाल स्वतःजवळ ठेवावा.

हातावर चीर, ओला इसब किंवा उघडी जखम असेल तर ती वरिष्ठांना दाखवावी आणि बरी होईपर्यंत स्क्रब होऊ नये, म्हणजे हात धुऊन शस्त्रक्रियेत सहभागी होऊ नये. नखे आखूड ठेवावीत, कृत्रिम नखे लावू नयेत आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात.

पायरी दुसरी: हातमोज्याची निवड

शस्त्रक्रियेचे हातमोजे आणि तपासणीचे हातमोजे या वेगळ्या वस्तू आहेत. शस्त्रक्रियेचे हातमोजे निर्जंतुक असतात, डाव्या-उजव्या हातासाठी वेगळे असतात, साधारणतः साडेपाच ते नऊपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मापाच्या फरकाने मिळतात आणि त्यांची मनगटावरची बाही लांब असते. मोज्यात एक लिटर पाणी भरून गळती होते का, हे पाहण्याची चाचणी नमुन्यांवर केली जाते, आणि सदोष मोज्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असेल तरच तो साठा स्वीकारला जातो. याचा अर्थ असा की, पाकिटातून नुकताच काढलेला, अजून कोणी हातही न लावलेला मोजासुद्धा क्वचित सदोष निघू शकतो. एकाच थरावर विसंबू नये, याचे हेही एक कारण आहे.

नैसर्गिक रबराचे म्हणजे लॅटेक्सचे मोजे बोटांवर उत्तम बसतात, पण त्यातील प्रथिनांची अॅलर्जी रुग्णाला किंवा कर्मचाऱ्याला असू शकते आणि ती कधी कधी प्राणघातक ठरते. अशा वेळी पॉलिआयसोप्रीन किंवा निओप्रीनचे मोजे वापरावेत. पॉलिआयसोप्रीनचा स्पर्श लॅटेक्सच्या सर्वांत जवळ जाणारा असतो. मोजे घातल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हात लाल होऊन खाजत असतील, तर तो बहुधा रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांचा परिणाम असतो. ती रसायने लॅटेक्स नसलेल्या मोज्यांतही असू शकतात, म्हणून केवळ ‘लॅटेक्स-फ्री’ एवढे वाचून न थांबता त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

भुकटी लावलेले हातमोजे वापरू नयेत. ती भुकटी पोटात चिकटे (आतील अवयव एकमेकांना चिकटणे) व ग्रॅन्युलोमा (दाहाच्या गाठी) निर्माण करते आणि लॅटेक्सची प्रथिने हवेत पसरवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ पासून असे वैद्यकीय हातमोजे पूर्णपणे बंद केले.

पायरी तिसरी: दोन जोडांचे माप बसवणे

दुहेरी हातमोज्यांना होणारा बहुतेक विरोध येथेच निर्माण होतो. कोणीतरी नेहमीच्या मापाचे दोन जोड एकावर एक चढवतो, अर्ध्या तासात बोटे बधिर होतात, टाक्याचा धागा हाताला लागत नाही, आणि ‘डबल ग्लोव्हने हात बसत नाही’ असे मत कायमचे बनते. अशा वेळी दोष बहुधा थरांच्या संख्येत नसून मापात असतो. बहुतेकांना आतला मोजा नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठा आणि बाहेरचा नेहमीच्या मापाचा, अशी जोडी सोयीची पडते. काहींना याच्या उलट, म्हणजे बाहेरचा मोठा, बरा वाटतो. दोन्ही जोड्या किरकोळ शस्त्रक्रियांत वापरून पाहाव्यात आणि जी जमेल ती ठरवून टाकावी. आतल्या थरासाठी मुद्दाम तयार केलेले पातळ मोजेही मिळतात.

पहिले काही आठवडे हाताला वेगळे वाटणारच. या काळात रक्तवाहिनीची नाजूक जोडणी करून दुहेरी हातमोज्यांची परीक्षा घेऊ नये. टाके घालणे, गाठी मारणे अशा रोजच्या कामांत आधी हात बसवावा. ज्यांनी प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून दोन जोड घातले, त्यांना एकाच जोडाने उघडे वाटते, आणि म्हणूनच ही सवय लावण्याची योग्य वेळ निवासी डॉक्टरचे पहिले वर्ष हीच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अत्यंत बारीक धाग्याने केल्या जाणाऱ्या काही शस्त्रक्रियांत एकच जोड घालण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण तो त्या शस्त्रक्रियेपुरता असावा. त्याच सर्जनने पोट बंद करतानाही तीच सवलत घेऊ नये.

याच्या लाभाविषयीचा पुरावा भक्कम आहे. अनेक चाचण्या एकत्र करून वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, दोन जोड घातल्यास आतल्या मोज्याला छिद्र पडण्याचे प्रमाण एका जोडाच्या तुलनेत सुमारे ७१ टक्क्यांनी घटते. रुग्णाच्या जखमेचा संसर्ग त्यामुळे किती कमी होतो, याविषयीचा पुरावा मात्र तितका स्पष्ट नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्या मुद्द्यावर ठाम शिफारस केलेली नाही. हा फरक लक्षात ठेवावा: दुहेरी हातमोज्यांचा सिद्ध झालेला लाभ प्रामुख्याने ते घालणाऱ्याला आहे.

आतला मोजा गडद रंगाचा आणि बाहेरचा फिकट असेल तर आणखी एक सोय होते. बाहेरच्या मोज्याला छिद्र पडून द्रव आत शिरला की त्या जागी गडद डाग उमटतो आणि छिद्र ताबडतोब लक्षात येते. हात कोरडा असेल तर हा डाग दिसेलच असे नाही, आणि डाग नाही म्हणून आतला मोजा शाबूत आहे असेही सिद्ध होत नाही.

पायरी चौथी: मोजे घालणे

अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात निर्जंतुक केले असतील तर ते पूर्ण सुकल्यावरच मोजे घालावेत. ओल्या हातावर मोजा अडकतो, ओढताना फाटतो आणि त्वचेलाही त्रास होतो. सुरुवातीला बंद पद्धत वापरावी, म्हणजे बोटे गाऊनच्या बाहीबाहेर न काढता बाहीतूनच मोजा पकडून चढवावा. गाऊनची मनगटाजवळची विणलेली कड द्रव अडवत नाही, म्हणून मोज्याने ती पूर्ण झाकली गेलीच पाहिजे. दोन्ही जोड घातल्यावर मुठी दोन-तीनदा उघडून मिटाव्यात, बोटांच्या टोकांशी हवा किंवा सुरकुत्या राहिल्या नाहीत ना, हे पाहावे आणि मगच टेबलाजवळ यावे.

पायरी पाचवी: धारदार साधनांची शिस्त

पातळ रबर सुईला अडवू शकत नाही, हे मनाशी पक्के धरले की हातमोज्यांपेक्षा हातांच्या हालचाली अधिक महत्त्वाच्या का, हे कळते. छिद्रे सर्वाधिक पडतात ती सुई न धरणाऱ्या हाताच्या तर्जनीला, कारण तोच हात ऊती धरतो, बाजूला सारतो आणि सुईचे टोक कोठून बाहेर येते ते चाचपतो. म्हणून सुई नेहमी नीडल होल्डरनेच धरावी आणि तिचे टोक फोर्सेप्सने (चिमट्याने) पकडावे. खोल जागी टोक दिसत नसेल तर बोटाने शोधू नये, प्रकाश आणि रिट्रॅक्टर (ऊती बाजूला धरून ठेवणारे साधन) नीट करून घ्यावा. गाठ मारण्याआधी सुई कापून वेगळी करावी किंवा नीडल होल्डरमध्ये टोक झाकले जाईल अशी धरावी. असिस्टंटने बोटांचा रिट्रॅक्टर करू नये, आणि सर्जनने त्याला तसे करायला सांगू नये.

पोटाचा स्नायुपटल, म्हणजे स्नायूंवरील मजबूत आवरण, शिवताना बोथट टोकाची सुई वापरावी. ती स्नायू आणि पटलातून सहज जाते, पण हातमोजा आणि त्वचेत सहजासहजी शिरत नाही. तिच्यामुळे छिद्रांचे प्रमाण निम्म्याहून खाली येते असे दिसून आले आहे, आणि अमेरिकेतील तीन सरकारी संस्थांनी २०१२ साली संयुक्त निवेदन काढून तिचा आग्रह धरला. सुरुवातीला थोडा जास्त जोर लावावा लागतो, एवढीच तिची अडचण. इतका साधा बदल अजूनही सर्वत्र रुळलेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्लेड चढवताना आणि काढताना बोटे वापरू नयेत. धारदार साधन एका हातातून दुसऱ्या हातात देण्याऐवजी न्यूट्रल झोन ठरवावा: सर्जन आणि स्क्रब नर्स यांच्या मधली एक ट्रे किंवा चुंबकीय पॅड, जिथे एका वेळी एकच धारदार साधन ठेवले जाते आणि ठेवणारा ‘ब्लेड’ किंवा ‘सुई’ असे स्पष्ट उच्चारतो. सर्जनची नजर शस्त्रक्रियेच्या जागेवरून हलवणे शक्य नसेल तेव्हा या नियमाला अपवाद करावा लागतो, पण तो तोंडाने सांगून करावा. हा झोन कोठे असेल हे चीर देण्यापूर्वीच्या टाइम-आउटमध्ये (संपूर्ण चमू थांबून खातरजमा करतो त्या वेळी) एका वाक्यात ठरवता येते.

हाडांच्या शस्त्रक्रियेत तुटलेल्या हाडाची टोके, तारा आणि ड्रिल यांमुळे धोका आणखी वाढतो. तेथे जाड ऑर्थोपेडिक मोजे किंवा दोन थरांमध्ये विणलेला, न कापला जाणारा मोजा वापरावा. मात्र हा विणलेला मोजा कापण्यापासून वाचवतो, सुईपासून नव्हे. बोन सिमेंटमधील रसायन रबरातून झिरपते, म्हणून सिमेंट हाताळून झाले की बाहेरचा जोड बदलावा.

डायथर्मी (विजेच्या उष्णतेने ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे साधन) वापरताना बोटाला चटका बसला, तर तो योगायोग समजू नये. मोज्याला आधीच छिद्र असू शकते किंवा त्या क्षणी पडलेले असू शकते; दोन्ही परिस्थितींत मोजे बदलावेत.

पायरी सहावी: मोजे केव्हा आणि कसे बदलावेत

छिद्र दिसले, शंका आली किंवा आत ओलसर लागले की लगेच बदल करावा. पण छिद्र दिसत नसले तरी वेळेनुसार बदल हवाच. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० मिनिटांपर्यंत वापरलेल्या मोज्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांत सूक्ष्म छिद्रे सापडली, तर १५० मिनिटांहून अधिक वापरलेल्यांत ती सुमारे २४ टक्क्यांत होती. त्यामुळे दीड तास ही व्यवहारात पाळता येण्याजोगी मर्यादा आहे. घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचे काम सर्जनवर सोडू नये. ते फ्लोअर नर्सकडे (निर्जंतुक पोशाख न घालता खोलीत मदत करणाऱ्या परिचारिकेकडे) द्यावे आणि तिने वेळ झाल्याचे मोठ्याने सांगावे.

पोट शिवण्यापूर्वीचा बदल वेगळ्याने नमूद करायला हवा. सात देशांत १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चीता नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पोट बंद करण्याआधी संपूर्ण चमूचे हातमोजे आणि उपकरणे बदलल्यास जखमेच्या संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. एका जोडाच्या आणि एका निर्जंतुक संचाच्या मोबदल्यात एवढा लाभ देणाऱ्या गोष्टी सर्जरीत फार थोड्या आहेत.

फक्त बाहेरचा मोजा खराब झाला असेल तर तो उतरवून आतला नीट तपासावा आणि तो शाबूत असल्यास त्यावर नवा घालावा. आतलाही फाटला असेल तर टेबलापासून मागे व्हावे, फ्लोअर नर्सकडून दोन्ही मोजे ओढून घ्यावेत आणि स्क्रब नर्सच्या मदतीने नवे घालावेत. या वेळी सुरुवातीची बंद पद्धत वापरू नये, कारण गाऊनची कड आता निर्जंतुक राहिलेली नसते. हाताला रक्त लागलेले दिसले तर हात पुन्हा धुऊन गाऊनसह सर्व बदलावे.

पायरी सातवी: सुई टोचल्यानंतर

सर्वप्रथम बोलावे. ‘मला टोचले’ हे दोन शब्द चमूला ऐकू जातील असे उच्चारावेत. ती सुई किंवा ब्लेड बाजूला काढावे, कारण आता त्याला तुमचे रक्त लागले आहे आणि ते रुग्णाच्या शरीरात जाता कामा नये. काम दुसऱ्याकडे सोपवता येताच मोजे काढून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये, त्यावर ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले असल्यास डोळा स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवावा.

त्यानंतर जखमेची नोंद करावी आणि नियमानुसार संमती घेऊन रुग्णाची रक्ततपासणी करावी. एचआयव्हीचे प्रतिबंधक उपचार शक्यतो काही तासांतच सुरू करावेत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग मानला जात नाही, आणि ते २८ दिवस पूर्ण करावे लागतात. रुग्णाचा अहवाल यायचा असेल तरी धोका वाटत असल्यास पहिली मात्रा घेऊन टाकावी, ती नंतर थांबवता येते. हिपॅटायटिस बीचे संरक्षण नसलेल्याने लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दोन्ही घ्यावीत, शक्यतो २४ तासांच्या आत. हिपॅटायटिस सीसाठी असा प्रतिबंधक उपचार दिला जात नाही, पण ठरलेल्या वेळी तपासणी केली आणि संसर्ग आढळला तर तो आता गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. म्हणून पाठपुराव्याच्या तारखा तेथल्या तेथे लिहून घ्याव्यात.

युनिट प्रमुखांनी करावयाचे काम

कनिष्ठ डॉक्टर नोंद का करत नाही, याचा विचार त्याच्या जागी उभे राहून करावा. केस मध्येच सोडली तर आपण अकुशल ठरू, यादी लांबेल, वरिष्ठ चिडतील, ही भीती खरी असते. तिच्यावर उपाय परिपत्रकाने होत नाही. टोचलेल्या व्यक्तीची जागा कोण घेईल हे यादी सुरू होण्याआधी ठरलेले असावे, औषधांची पहिली मात्रा रात्रीही कोठे मिळेल हे सर्वांना माहीत असावे, आणि वरिष्ठाला टोचले तर त्याने स्वतः सर्वांसमोर सांगून नोंद करावी. स्क्रब नर्सने ‘सर, तुमचा ग्लोव्ह फाटला आहे’ असे म्हटल्यावर सर्जनने काय उत्तर दिले, हे त्या खोलीतील प्रत्येक विद्यार्थी पाहत असतो. तेथे ‘हो, बदलतो’ याखेरीज दुसरे उत्तर असू नये.

दुहेरी हातमोजे केवळ संसर्ग माहीत असलेल्या रुग्णासाठी राखून ठेवण्याची पद्धत बंद करावी. चाचणी निगेटिव्ह येण्याच्या काळातही संसर्ग रक्तात असू शकतो, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत बहुधा अहवालच हाती नसतो. शिवाय अशा निवडक वापराने रुग्णाची गोपनीयता मोडते, कारण दुसरा जोड मागवला की खोलीतील सर्वांना कारण कळते.

शेवटी साठ्याचा प्रश्न. प्रत्येक सर्जन, असिस्टंट आणि नर्स यांच्या आतल्या व बाहेरच्या मोज्यांची मापे भांडारात लिहून ठेवावीत, पोट बंद करताना लागणारा जादा जोड आणि बोथट सुया प्रत्येक संचाच्या मागणीपत्रात नेहमीसाठी घालाव्यात, आणि जखमांची नोंदवही दर महिन्याला उघडून कोणत्या शस्त्रक्रियेत, कोणत्या साधनाने आणि कोणत्या टप्प्यावर टोचले हे युनिटच्या बैठकीत वाचावे. वही कित्येक महिने कोरी दिसली तर कोणाला टोचलेच नाही, असे गृहीत धरण्याआधी निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना एकेकटे गाठून विचारावे.